छेदात काय ठेवायचे?

वाचकांचे प्रश्न : खानदेशातील पर्यटन आणि कार्बनचा हिशेब

थंडी सुरू झाली की सहलींचे आणि यात्रांचे दिवस येतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरही त्याबरोबर बदलतो. या वेळी निवडलेली सहा पत्रे वेगवेगळ्या गावांहून आलेली असली तरी एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत : आपल्या भागातील पर्यटनाचा पर्यावरणावर पडणारा भार मोजायचा कसा, आणि मोजून आलेला आकडा वाचायचा कसा. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या भ्रमण मंडळाचे २७ सभासद दोन दिवसांसाठी तोरणमाळला जाऊन आले. तीन क्रूझर केल्या होत्या, स्वयंपाक आम्हीच केला. परत आल्यावर मोबाइलवरील एका गणकात माहिती भरली तर माणशी ४१ किलो कार्बन डायऑक्साइड असा आकडा आला. दुसऱ्या गणकाने माणशी ९ किलो सांगितले. खरा आकडा कोणता? सोबत सहलीच्या डायरीतील पानाची प्रत जोडली आहे. (एक माध्यमिक शिक्षक, शहादा)

उत्तर : दोन्ही आकडे आपल्या सहलीचे नाहीत. असे गणक कोणत्या तरी देशाची सरासरी गाडी आणि सरासरी हॉटेलची खोली गृहीत धरतात. पहिल्याने बहुधा आपल्या प्रत्येक सभासदाला एक वातानुकूलित मुक्काम बहाल केला असावा. आपला खरा आकडा आपल्याच डायरीच्या पानावर आहे, आणि ते पान पाहून मला मनापासून आनंद झाला, कारण इंधनाचा हिशेब असा ठेवणारे फार थोडे असतात.

आपण निघताना तिन्ही गाड्यांच्या टाक्या नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरल्या आणि परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा तशाच भरून घेतल्या. दुसऱ्यांदा लागलेले डिझेल ११.२, १०.६ आणि ११.४ लिटर, म्हणजे एकूण ३३.२ लिटर. ही पद्धत किलोमीटरवरून अंदाज बांधण्यापेक्षा कितीतरी सरस आहे, कारण सातपायरी घाट चढताना गाडी किती पिते ते कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. (लिटरभर डिझेलचे वजन किलोपेक्षाही कमी असताना त्यातून अडीच किलोहून अधिक वायू कसा निघतो, असे अनेकजण विचारतात, जळताना हवेतील ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो, हे त्याचे उत्तर.) म्हणजे गाड्यांचे झाले ८९ किलो. गॅसची टाकी जाताना २९.६ किलो भरली आणि येताना २३.८, म्हणजे ५.८ किलो गॅस जळला. किलोमागे सुमारे तीन किलो धरले तर १७ किलो. मुक्कामाच्या ठिकाणच्या मीटरवर १९ युनिट वाढलेले आपण नोंदवले आहेत. आपल्या देशातील विजेच्या जाळ्यात एका युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो पडतो, म्हणून १३ किलो. एकूण ११९ किलो, माणशी ४.४ किलो, आणि माणसाच्या एका दिवसामागे २.२ किलो.

दोन गोष्टी अजून राहतात. डिझेल जमिनीतून काढणे, शुद्ध करणे आणि पंपापर्यंत आणणे यातही कार्बन खर्च होतो. तो धरल्यास गाड्यांच्या आकड्यात साधारण पाचव्या हिश्श्याची भर पडते. ती धरायची की नाही हा प्रश्न पद्धतीचा आहे. मात्र धरली आहे किंवा नाही हे आकड्याशेजारी लिहिलेच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षीच्या सहलीशी केलेली तुलना पोकळ ठरेल. दुसरी गोष्ट लाकडांची. शेकोटीसाठी आपण दोन मोळ्या विकत घेतल्या. अंदाजे ३० किलो लाकूड म्हणजे सुमारे ४५ किलो कार्बन डायऑक्साइड. प्रचलित पद्धतीत हा आकडा वेगळ्या ओळीत लिहितात, मूळ बेरजेत मिसळत नाहीत, कारण तोडलेल्या जागी झाड पुन्हा वाढले तर तेवढा कार्बन ते परत ओढून घेते. ही सवलत मात्र गळून पडलेल्या वाळक्या फांद्यांना शोभते. सातपुड्यातील उभे झाड त्या मोळीसाठी तोडले गेले असेल तर ती ओळ मूळ बेरजेत आणावी, असे माझे मत आहे.

आता या बेरजेचा उपयोग. ११९ पैकी ८९ म्हणजे जवळजवळ बारा आणे भार एकट्या गाड्यांचा आहे. तीन क्रूझरऐवजी एकच तीस आसनांची मिनीबस केली असती आणि घाटात तिने लिटरला सहा किलोमीटरच दिले असते, तरी १२० किलोमीटरला २० लिटर पुरले असते आणि ३५ किलो वाचले असते. दोन्ही दिवस सगळे दिवे बंद ठेवून अंधारात बसला असता तरी वाचले असते फक्त १३. चार्जर काढून ठेवण्याच्या सूचना जरूर लावाव्यात, पण सहलीचा कार्बन कमी करण्याचा निर्णय निघण्याच्या आदल्या आठवड्यात, गाडी ठरवताना होतो.

प्रश्न : अजिंठ्याला जाणारा पर्यटक जळगावच्या स्टेशनवर उतरतो, जळगावात राहतो, माझ्या गाडीने जातो, लेणी मात्र छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. मग त्याचा कार्बन कोणत्या जिल्ह्याच्या खात्यावर? (एक टॅक्सीचालक, जळगाव)

उत्तर : आपण सहज म्हणून विचारलेला हा प्रश्न या विषयातील जाणकारांनाही छळतो. त्याला नियम एक नाही, अनेक आहेत, आणि नियम बदलला की निकाल बदलतो.

टोकियोहून मुंबईला येणारा जपानी यात्रेकरू घ्या. एका बाजूचे अंतर साडेसहा हजार किलोमीटरांहून अधिक आहे. जाऊन-येऊन त्याच्या वाट्याला विमानाचा सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड येतो, म्हणजे वर ज्या तोरणमाळ सहलीचा हिशेब केला तशा सव्वादोनशे सभासदांच्या सहलींएवढा. जळगाव ते लेणी हे अंतर साठ किलोमीटरांच्या आसपास आहे. आपल्या गाडीला जाऊन-येऊन साडेसात लिटर डिझेल लागत असेल आणि त्यात तीन प्रवासी बसत असतील, तर माणशी सात किलोही होत नाही. तो एक टन अजिंठ्याच्या नावावर टाकला तर जगातील प्रत्येक दूरचे वारसास्थळ गुन्हेगार ठरेल. मुळीच टाकला नाही तर तो कोणाच्याच वहीत येणार नाही. यात्रेकरू भारतात दहा रात्री राहिला आणि त्यातील एक त्याने जळगावात काढली, तर रात्रींच्या प्रमाणात शंभर किलो जळगावकडे लावणे ही मला त्यातल्या त्यात न्याय्य वाटणारी वाटणी आहे.

सिडनी विद्यापीठातील मॅनफ्रेड लेन्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली जगाच्या पर्यटनाचा जो हिशेब प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी तो दोन्ही बाजूंनी मांडला होता : पर्यटक ज्या देशाचा रहिवासी त्या देशाच्या खाती, आणि तो जिथे गेला त्या देशाच्या खाती. २००९ ते २०१३ या काळात हा भार ३.९ अब्ज टनांवरून ४.५ अब्ज टनांवर गेला, आणि तो जगाच्या एकूण हरितगृह वायूंच्या सुमारे ८ टक्के भरला. विमाने आणि गाड्या तर त्यात होत्याच. शिवाय पर्यटकांनी खाल्लेले अन्न आणि त्यांनी केलेली खरेदी यांच्यामागचा कार्बनही धरला होता. म्हणूनच तो आधीच्या अंदाजांपेक्षा बराच मोठा निघाला.

जिल्ह्यांच्या बाबतीत मी आपल्याला एवढेच सांगेन, की सीमेचा वाद घालण्यापेक्षा प्रवासाचे तुकडे पाडावेत. स्टेशन ते हॉटेल आणि हॉटेल ते फर्दापूर हे तुकडे जळगावच्या व्यावसायिकांच्या हातात आहेत. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी उभी करून पुढचे चार किलोमीटर एस.टी.च्या बसने जाण्याची सक्ती लेण्यांच्या व्यवस्थेच्या हातात. ज्याच्या हातात जो तुकडा, त्याने त्याचा हिशेब ठेवावा. त्या बसच्या सक्तीचे मूळ कारण हवेचे प्रदूषण लेण्यांपासून दूर ठेवणे हे आहे, आणि लेण्यांच्या आत तर माणसांच्या श्वासातील ओलावाच चित्रांना बाधतो. कार्बनच्या कोणत्याही आकड्यात हे नुकसान दिसत नाही. ते वेगळ्याच मापाने मोजावे लागते.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत इतके घोडे येतात. त्यांच्या पोटातून निघणारा मिथेन धरायचा का? (एक पशुवैद्यक, दोंडाईचा)

उत्तर : आपण पशुवैद्यक असल्याने घोडा रवंथ करीत नाही हे मी आपल्याला सांगायला नको. हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) २००६ सालच्या मार्गदर्शिकेत घोड्यामागे वर्षाला १८ किलो मिथेन धरला आहे, म्हशीमागे ५५. पंधरा दिवसांचा हिशेब केला तर एका घोड्यामागे पाऊण किलो मिथेन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सुमारे वीस किलो. तरीही तो धरू नये, कारण घोडा तापीकाठी आला नसता तरी मालकाच्या तबेल्यात त्याने तेवढाच चारा खाल्लाच असता. यात्रेमुळे जे जास्तीचे घडले तेवढेच यात्रेच्या खाती. पंजाब-राजस्थानातून घोडे घेऊन आलेल्या ट्रकचे डिझेल मात्र पूर्णपणे जास्तीचे आहे, आणि न विकलेला घोडा परत नेणाऱ्या ट्रकचेही. तोरणमाळच्या मंडळानेही हाच न्याय लावून घरी रोज जळणारा गॅस आपल्या १७ किलोंतून वजा करायला हरकत नाही.

प्रश्न : पाटणादेवीला जायला एस.टी. चांगली, काळी-पिवळी चांगली की स्वतःची कार? आणि नवरात्रात काळी-पिवळी भाविकांना सोडून रिकामी परत येते, त्या फेरीचा कार्बन कोणाचा? (एक बँक कर्मचारी, चाळीसगाव)

उत्तर : एस.टी. लिटरला पाच किलोमीटर देते असे धरले तर किलोमीटरला ५३६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. चव्वेचाळीस आसने भरलेली असतील तर माणशी १२ ग्रॅम. पेट्रोलची कार लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर पेट्रोलच्या लिटरमागे सुमारे २.३१ किलो धरून किलोमीटरला १५४ ग्रॅम. चौघे बसले तर माणशी ३८, एकटे गेलात तर सगळे १५४. म्हणजे बसमध्ये चौदापेक्षा कमी प्रवासी असतील तर चौघांची कार कागदावर तिच्यापेक्षा सरस ठरते. हे वाचून कोणी गाडीची किल्ली उचलण्याआधी एवढे लक्षात घ्यावे, की बस वेळापत्रकाप्रमाणे धावणारच आहे. आपण तिच्यात बसल्याने तिचे डिझेल जवळजवळ वाढत नाही, कार काढल्याने मात्र वाढते. विजेवरची कार किलोमीटरला पाव युनिटहूनही कमी वीज घेते, पण दीपनगरसारख्या कोळशाच्या केंद्रांवर चालणाऱ्या आजच्या जाळ्यात तिचेही ११० ते १२० ग्रॅम होतात. साक्री तालुक्यात पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आहेत म्हणून धुळ्याची कार वाऱ्यावर चालते असे म्हणता येत नाही. जाळे सगळ्यांचे एकच आहे.

रिकाम्या फेरीचा आपला प्रश्न जागेला साजेसा आहे. चाळीसगाव ते पाटणादेवी हे अंतर १८ किलोमीटर. काळी-पिवळी लिटरला बारा किलोमीटर देत असेल तर एका बाजूला चार किलो. दहा प्रवाशांत माणशी ४०० ग्रॅम. परत येताना पुन्हा चार किलो, आणि प्रवासी शून्य. भागायचे कशाने? ज्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने याच पाटण परिसरात मठ स्थापन केल्याचे तेथील शिलालेख सांगतो, त्यांनी शून्याने भागून येणाऱ्या राशीला 'खहर' असे नावच दिले होते. आपला हिशेब तिथे पोहोचू नये यासाठी सोपा नियम असा, की रिकामी फेरी ज्यांच्यासाठी घडली त्यांच्याच माथी मारावी. म्हणजे जाणाऱ्या दहा भाविकांचे माणशी ८०० ग्रॅम. परतीचे भाविक थांबवून ठेवणारा आणि दोन्ही बाजूंनी भरून धावणारा चालक त्यामुळे आपोआप दुप्पट कार्यक्षम ठरतो.

प्रश्न : हिवाळ्यात आमच्या मळ्यात भरीत पार्टीसाठी लांबून लोक येतात. वांगी आम्ही कपाशीच्या काड्यांवरच भाजतो, गॅसवर भाजलेल्याला ती चव नाही. एका पाहुण्याने हे प्रदूषण असल्याचे सुनावले. (एक शेतकरी, आसोदा परिसर)

उत्तर : कार्बनच्या दृष्टीने पाहुण्यांचे चुकले. काडीतील कार्बन त्याच हंगामात कपाशीने हवेतून घेतलेला असतो, आणि ती काडी एरवी बांधावर जाळलीच जाते. धुराच्या दृष्टीने मात्र ते अर्धे बरोबर आहेत : आगटीशी तासभर वाकून वांगी परतणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाला काडी यंदाची की शंभर वर्षांपूर्वीची याने फरक पडत नाही. आगटी मोकळ्यावर, धूर माणसांपासून दूर जाईल अशी ठेवावी. आणि पाहुणे मुंबईहून एकेकटे कारने आले असतील, तर कळण्याची भाकरी वाढताना तो विषय आपण काढायला हरकत नाही.

प्रश्न : जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांची पर्यटनाची पर्यावरणीय कार्यक्षमता 'डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस' पद्धतीने काढून क्रम लावायचा, असा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. खोल्या, मनुष्यबळ आणि वीज ही निविष्टी (जे लागते ते), तर उत्पन्न आणि पर्यटकसंख्या ही फलिते (जे मिळते ते). कार्बन कुठे बसवू? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर : कार्बनच्या आधी तीन या संख्येबद्दल बोलले पाहिजे. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ साली मांडलेली ही पद्धत रावेर-यावलच्या केळीबागांच्या उदाहरणाने नीट समजते. पाणी, खत आणि मजुरी यांच्या मानाने ज्यांचे घड सर्वात भरघोस, अशा बागा निवडायच्या, त्यांना जोडणारी एक काल्पनिक सीमारेषा आखायची आणि बाकीच्या बागा त्या रेषेपासून किती मागे आहेत ते मोजायचे. कोणत्या निविष्टीला किती महत्त्व द्यायचे हे पद्धत आधी ठरवत नाही. प्रत्येक बागेला स्वतःला सर्वात सोयीचे वजन निवडू देते. हा तिचा मोठा गुण आहे, पण बागा तीनच असतील तर तोच दोष होतो : एक पाण्यात पहिली, दुसरी खतात, तिसरी मजुरीत, आणि तिघींनाही पैकीच्या पैकी गुण. निविष्टी आणि फलिते मिळून जी संख्या होते तिच्या किमान तिप्पट घटक (म्हणजे तुलनेतील बागा किंवा जिल्हे) हवेत, असा ढोबळ संकेत आहे. आपली पाच आहेत, कार्बन धरून सहा; म्हणजे अठरा घटक तरी हवेत. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे घ्या, किंवा तीन जिल्ह्यांतील तालुके घ्या. कार्बन हे 'अनिष्ट फलित' म्हणून बसवावे. ते कमी असेल तेवढे चांगले असे मानणारी या पद्धतीची रूपे उपलब्ध आहेत.

तीनच जिल्हे ठेवायचे असतील तर साधे गुणोत्तर वापरा, हजार रुपयांच्या पर्यटन-उत्पन्नामागे किती किलो कार्बन. पण छेदाकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. हजार रुपयांच्या खोलीमागे १२ किलो कार्बन पडत असेल आणि मालकाने एकही यंत्र न बदलता भाडे बाराशे केले, तर गुणोत्तर १२ वरून १० वर येते. भाववाढीने कार्यक्षमता वाढली! म्हणून सगळी वर्षे एकाच वर्षाच्या किमतींत आणून घ्या. तसेच माणशी कार्बन १० टक्के घटला आणि माणसे ३० टक्के वाढली, तर एकूण भार १७ टक्के वाढलेला असतो; गुणोत्तराशेजारी एकूण बेरीज छापलीच पाहिजे.

उलट बाजूही आहे. चैत्रात खानदेशातून हजारो भाविक सप्तशृंग गडाकडे पायी निघतात. शंभर जणांच्या दिंडीसोबत सामानाचा टेम्पो असतो. त्याला सगळ्या वाटेत वीस लिटर डिझेल लागले तरी माणशी अर्धा किलो. पण वाटेत अन्नदान, रात्री शाळेच्या ओसरीवर पथारी. खर्च जवळजवळ शून्य. रुपयामागे कार्बन काढायला गेलात तर हा सर्वात हलका प्रवासी सर्वात अकार्यक्षम ठरेल. चाळीसगावच्या रिकाम्या गाडीसारखाच हाही खहर. माणूस-दिवस हा छेद घेतला की तोच पहिला येतो. म्हणून निदान दोन छेद वापरून दोन क्रम लावा, आणि ते एकमेकांशी जुळत नसतील तर प्रबंधात नेमके तेच लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२४ साली पर्यटनाच्या शाश्वततेच्या मापनासाठी जी चौकट स्वीकारली, तीही आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय नोंदी शेजारी-शेजारी ठेवते, त्यांचे एका गुणांकात कडबोळे करीत नाही.

शेवटचे, पर्यटकसंख्येबद्दल. हॉटेलांच्या नोंदवह्यांवर विसंबू नका. मुक्ताईनगर, प्रकाशा किंवा पद्मालय या तीर्थस्थानी येणारा बहुसंख्य माणूस दर्शन घेऊन संध्याकाळी घरी जातो किंवा नातेवाइकांकडे उतरतो. तो कोणत्याच वहीत नसतो. व्याख्येप्रमाणे मुक्काम करणारा तो पर्यटक आणि त्याच दिवशी परतणारा तो दिवसभराचा अभ्यागत, पण डिझेल दोघांचेही जळते. महाशिवरात्रीला प्रकाशाच्या वाहनतळाच्या तोंडाशी पहाटे पाचपासून दोन मैत्रिणींना घेऊन उभ्या राहा. वहीला चार रकाने आखा : गाडीचा प्रकार, आतली डोकी, कुठल्या गावाहून आली, आणि कधी परत गेली. दर दहाव्या गाडीला विचारले तरी पुरेल. गर्दीत दुपारी बारानंतर मोजणी चुकते, म्हणून गाड्या एकीने आणि डोकी दुसरीने मोजावीत.